न वाजलेल्या प्लेटांचा भाव

गुरुवार, निपाणी

जुन्या रेकॉर्डींच्या धंद्यात दसरा ते दिवाळी हे दिवस सुगीचे. घरोघरी माळे झाडले जातात, पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात आणि सून सासूला विचारते, “हे ठेवायचं की द्यायचं?” नेमक्या त्या प्रश्नाच्या वेळी आपण दारात असायला हवं. भंगारवाला आधी पोचला की विषय संपला.

सकाळी कोल्हापुरातून ओम्नी काढली. मागची सीट काढून तिथे स्पंज लावलेले लाकडी खोके बसवलेत. शेलॅकची तबकडी उभी ठेवली तरच प्रवास सोसते. आडवी चळत लावली की पहिल्याच खड्ड्यात तळची फुटते. कोगनोळी नाका ओलांडला आणि पाट्यांवर कन्नड सुरू झालं. चहाच्या टपरीवर मात्र कोल्हापूरचीच भाषा.

या खेपेला डोक्यात एक गिऱ्हाईक होतं. हॉलंडमधला एक निवृत्त मास्तर. मूळचा ब्लूजवाला, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यांचा वेडा. भारतात छापलेल्या पाश्चात्त्य एलपीही, म्हणजे नंतरच्या व्हायनलच्या मोठ्या तबकड्याही जमवतो, त्यामुळे माझी त्याची ओळख. त्याने गायिका केसरबाई केरकरांची ७८, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी शेलॅकची तबकडी, मागितली होती. कुठलीही चालेल म्हणाला. १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरून सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात गेली. तिच्यावर ब्लाइंड विली जॉन्सन आहे. १९२७ साली डॅलसमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं, शब्दच नसलेलं नुसतं गुणगुणणं आणि तारेवर घासत नेलेली गिटार. त्याच तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे. विलीसाठी ती तबकडी ऐकता ऐकता मास्तर केसरबाईंपाशी पोचला आणि तिथेच अडकला. दुसरं यान निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे किती जणांना असेल?

निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ. याच हायवेवर १९८१ साली तंबाखूचे शेतकरी ठाण मांडून बसले होते. पेठेत पैसा होता म्हणून फोनो, म्हणजे ग्रामोफोनही होते. मला निरोप होता तो एका जुन्या वखारवाल्याच्या घरून. वखार कधीच बंद झाली, पण खोकं उघडल्या उघडल्या नाकात तंबाखूच. मला तो वास चालतो, कारण तंबाखूत ठेवलेल्या कागदी कव्हरांना वाळवी कमी लागते, असा माझा अनुभव आहे.

नातू पंचविशीचा, हातात मोबाइल. पहिलंच वाक्य, “काका, अमेरिकेत एक जुनी रेकॉर्ड सदतीस हजार डॉलरला गेली म्हणे.”

खरं होतं ते. ब्लूज गायक टॉमी जॉन्सनची पॅरामाउंट कंपनीची ७८, २०१३ साली ऑनलाइन लिलावात ३७,१०० डॉलरला गेली. मी त्याला म्हटलं, बस, सांगतो. पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची पोटकंपनी. कारखाना फोनोची लाकडी कपाटं करू लागला, मग कपाटांबरोबर काही वाजवायला हवं म्हणून रेकॉर्डी. १९२० साली मॅमी स्मिथचं ब्लूज ‘ओके’ नावाच्या कंपनीने काढलं आणि ते धडाधड खपलं. कृष्णवर्णीय माणूस आपल्या माणसाचं गाणं पदरचे पैसे मोडून घेतो, हे कंपन्यांना तेव्हा उमगलं. पॅरामाउंटवाल्यांनी चार्ली पॅटन, सन हाउस, स्किप जेम्स असे एकाहून एक गायक ध्वनिमुद्रित केले. पण माल हलका, तबकडी नवी असतानाच खरखरायची. त्यात १९२९ ची मंदी आली. गिऱ्हाईक होता कापूस वेचणारा. त्याच्याकडे तबकडीला पैसे उरले नाहीत. काही तबकड्या इतक्या कमी गेल्या की आज जगात बोटांवर मोजाव्यात.

“म्हणजे तेव्हा कुणी घेतल्या नाहीत म्हणून आता महाग?”

“आणि तुझ्या पणजोबांचे बालगंधर्व तेव्हा सगळ्यांनीच घेतले.”

त्याचा चेहरा उतरला, पण पोरगं जिद्दीचं. धूळ पुसून दाखवायला त्याने सॅनिटायझरची बाटली काढली. मी हात धरला. शेलॅक म्हणजे लाख; स्पिरिटात ती विरघळते. एलपी पुसतात तशी ७८ पुसली की खोबणींचा लगदा होतो. कोमट पाण्याचा ओला फडका, तोही लेबल सांभाळून, बस्स.

खोक्यात बालगंधर्व, मास्टर दीनानाथ, हिराबाई, थोडी कीर्तनं, आणि मध्येच कन्नड नाट्यपदं. इकडच्या खोक्यांत हे असंच असतं. हुबळीत १९०८ साली केशवराव भोसल्यांनी ‘ललितकलादर्श’ काढली, ती मराठी नाटक कंपनी. मराठी संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्तीकडच्या गुर्लहोसूरचे. बालगंधर्वांच्या उत्तरायुष्यातल्या गोहरबाई बिळगीच्या, विजापूर भागातल्या. या मुलुखातल्या माणसाने माळ्यावर भाषावार दोन खोकी कशाला केली असती?

पोराने प्रत्येक प्लेटेला पाच हजार सांगितले. मी सगळ्या चळतीला मिळून सात म्हटलं. तो हसला, मीही हसलो. मग एक प्लेट वेगळी काढून विचारलं, ही एकटी देतोस? लेबलवर नाव ‘गांधारी’. म्हणजे गंगूबाई हनगल, एचएमव्हीकडे गाऊ लागल्या त्या सुरुवातीच्या काळात त्यांचं नाव लेबलवर असं छापत. आवाज अजून कोवळा, पुढचा तो भारदस्त जोरकस लागलेला नाही. ही मात्र फारशी वाजलेली नव्हती, पृष्ठभाग काळाभोर. सहाशेला घेतली. बाकीचं “घरात विचारतो” म्हणाला.

संध्याकाळी तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी. संकेश्वरला मिरची घेतली, कारण न घेता घरी गेलो तर घरात घेणार नाहीत.

शुक्रवार, बेळगाव

मुक्काम शहापुरात मावशीकडे. मावशीचं म्हणणं, “तू गाणी विकतोस की ऐकतोस रे?” उत्तराची वाट न बघता ती कुंदा आणायला आत गेली.

सकाळी खडेबाजारात साउंडबॉक्स, म्हणजे फोनोचं सुई बसवायचं डोकं, दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या माणसाकडे. आता घड्याळं आणि मिक्सर दुरुस्त करतो, पण अभ्रकाची चकती अजून हाताने कातरून बसवतो. त्याच्याकडून सुयांची पाकिटं घेतली. पोलादी सुई हा या सगळ्या प्रकरणातला खरा गुन्हेगार आहे, आणि तोही कंपनीने ठरवून केलेला. शेलॅकच्या मिश्रणात दगडाची भुकटी असते. नवी सुई खोबणीत उतरली की पहिल्या काही फेऱ्यांत ती भुकटी सुईला घासून खोबणीच्या मापाची करते. म्हणून एका बाजूला एक सुई, वाजून झाली की टाकायची. पण सुया विकत आणाव्या लागत आणि घरातली माणसं काटकसरी. तीच सुई दहा-वीस वेळा फिरायची, कडा धारदार व्हायच्या आणि मग सुई तबकडीला कातू लागायची.

हे सविस्तर सांगण्याचं कारण दुपारी टिळकवाडीत घडलं. तिथे एक निवृत्त संगीतशिक्षक राहतात. बेळगाव ही पेटीवाल्यांची नगरी. कागवाडचे रामभाऊ विजापुरे इथेच राहिले आणि पिढ्यान्पिढ्या शिकवत राहिले. सरांच्या घरात तीन पेट्या आणि एक फळी भरून ७८. सरांनी आधी दाखवली ती अब्दुल करीम खाँसाहेबांची ओडियन कंपनीची तबकडी. झिंझोटीतली ठुमरी, ‘पिया बिन नहीं आवत चैन’. लहानग्या भीमसेनने गदगेत दुकानासमोर हीच ऐकली आणि गाण्यापायी घर सोडलं, ही कथा इकडे कुणालाही विचारा. खाँसाहेब १९३७ साली मद्रासकडच्या सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनावर गेले, दफन मिरजेत. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य, कुंदगोळचे. भीमसेन आणि गंगूबाई पुढे सवाईंचे. या सगळ्याची मुळी त्या तबकडीत आहे म्हटलं तरी चालेल.

मी ती खिडकीशी नेऊन तिरपी धरली. काळी राहिलीच नव्हती. राखाडी पडली होती, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. सुरुवातीला बरी, मग मधल्या पट्ट्यात पांढुरकी, शेवटी पुन्हा थोडी काळी. खाँसाहेबांचा सूर जिथे वर चढून ठरतो तिथे खोबणीची वळणं मोठी, तिथे सुई जास्त झगडते. पण इथे नुसतं तेवढंच नव्हतं. मधल्या पट्ट्याच्या आरंभाला बारीक बारीक ओरखडे होते, सुई पुन्हा पुन्हा उचलून तिथेच ठेवल्याचे. कुणीतरी ती जागा घोटत बसलं होतं.

“मी आणि माझे दोघं भाऊ,” सर म्हणाले. “ती जागा पेटीत धरायची होती.”

“धरली?”

“थोरल्याने धरली.”

वाजवून बघितली. खरखरीच्या मागे खाँसाहेब होते, पण लांब. आमच्या धंद्यात दर्जाची इंग्रजी अक्षरं आहेत, अगदी कोरीपासून ते नुसतीच चौकट भरण्यापुरती इथपर्यंत. ही शेवटच्या पायरीच्याही खाली. सरांनी भाव विचारला. मी शंभर म्हटलं.

“आमच्या घरात तिघं हिच्यावर शिकले आणि तू शंभर म्हणतोस.”

त्यांचं काही चुकलं नव्हतं आणि माझंही नाही. बाजार लेबल बघतो, दुर्मिळपणा बघतो, वर्ष बघतो, आणि मग तबकडी तिरपी धरून एकच प्रश्न विचारतो: हिला किती कमी वेळा ऐकलंय? ज्या घरात गाणं होतं त्या घरातला माल पडेल भावाचा. हौसेने फोनो घेतला, चार दिवस वाजवला आणि कपाटात बंद केला, अशा घरात आम्ही सोनं शोधतो. सरांनी खाँसाहेबांची तबकडी फळीवर परत ठेवली. बाकीच्यांतल्या दोन यंग इंडियाच्या घेतल्या. ती मुंबईची देशी कंपनी, १९३५ ला निघाली. हिच्या तबकड्या मला कलकत्त्याच्या एचएमव्हीपेक्षा कमी दिसतात.

निघताना सर म्हणाले, केसरबाई हव्यात ना, खानापूरला जा. एका आजींचा पत्ता दिला. “पण विकतील असं वाटत नाही.”

शनिवार, सुळेभावी

इथे रेकॉर्ड मिळणार नाही हे माहीत असूनही गेलो. कुमार गंधर्वांचं गाव. जन्म ८ एप्रिल १९२४, शिवपुत्र कोमकाळीमठ. लहानपणी हा मुलगा घरातल्या, शेजारच्या रेकॉर्डी ऐकून थोरल्यांचं गाणं हुबेहूब म्हणून दाखवायचा. गल्ल्यांतून मागांचा खडखडाट चालू होता. एका घरी “बर्री, कूडरी” म्हणून बसवलं, चहा दिला, आणि प्लेटा म्हटल्यावर जेवायच्या प्लेटा समजून हसले.

ओट्यावर बसून मी त्या मुलाच्या घरातल्या तबकड्यांचा विचार करत होतो. बालगंधर्वांपासून खाँसाहेबांपर्यंत जो जो आवाज त्याने उचलला असेल, तो उचलण्यासाठी सुई कितीदा मागे नेली असेल? त्या तबकड्या आज माझ्यापुढे आल्या तर मी त्यांना किलोने तोलेन. मग कुणीतरी सांगेल की या कुमारांच्या घरच्या आहेत, आणि मी लगेच भाव शंभरपट करीन. धंदा असा आहे.

दुपारी परत. मावशीकडे मांडे.

रविवार, बेळगाव कॅम्प

कॅम्पातल्या घरांची घडण वेगळी; पुढे व्हरांडा, वर मंगलोरी कौलं, आत पियानो नाहीतर त्याची राहिलेली जागा. गोव्याकडून लष्कराच्या, रेल्वेच्या नोकरीला आलेली ख्रिस्ती कुटुंबं इथे मुरलीत. चर्च सुटल्यावर या, असं आंटींनी फोनवर सांगितलं होतं. आंटी माझ्याशी मराठीत, मुलीशी इंग्रजीत आणि कुत्र्याशी कोंकणीत बोलत होत्या.

त्यांचा मामा बोटीवर खलाशी. प्रत्येक बंदरातून एक एलपी आणायची त्याची सवय. खोकं उघडताच अमेरिकन गायक जिम रीव्ह्ज. अख्ख्या भारतातल्या ख्रिस्ती घरांतल्या एलपींवर त्याचंच राज्य, आणि इथल्या त्याच्या चारही एलपी चाळणी झालेल्या. नाताळ, लग्न, वाढदिवस, सगळ्यांना त्यालाच राबवलेलं. त्याखाली क्लिफ रिचर्ड, हॅरी बेलाफॉन्टे. आणि सगळ्यांत तळाला ब्लूजवाला मडी वॉटर्स. चेस कंपनीची, १९६० च्या न्यूपोर्ट महोत्सवातली मैफल.

मी तोंडावर काही दाखवलं नाही. वीस वर्षांत एवढं शिकलोय.

लेबल पहिल्या छपाईचं काळं नव्हतं, नंतरचं निळं. त्याने भाव बराच खाली येतो. पण तबकडी? व्हायनलवर केसाएवढा ओरखडा नाही, छिद्राभोवती मधली दांडी चुकल्याच्या खुणाही नाहीत. एकदा, फार तर दोनदा लागली असेल.

“तो मामालासुद्धा नाही आवडला,” आंटी म्हणाल्या. “म्हणाला, हा माणूस गातोय की भांडतोय?”

मडी वॉटर्स मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टर चालवायचा. १९४१ साली अ‍ॅलन लोमॅक्स नावाचा संग्राहक वॉशिंग्टनहून यंत्र घेऊन तिथे आला आणि त्याने त्याचं गाणं टिपलं. आपला आवाज तबकडीवरून परत कानावर आला तेव्हा या माणसाला कळलं की आपल्याला येतं. दोन वर्षांत मळा सोडून तो शिकागोला गेला. पुढे न्यूपोर्टला हजारो गोऱ्या पोरांसमोर उभा राहिला, ती ही रेकॉर्ड. आणि ती बेळगावच्या कॅम्पात जिम रीव्ह्जखाली न वाजता पडून राहिली, म्हणूनच माझ्या कामाची.

आंटींना मी भाव खरा सांगितला. माझे काही धंदेवाले मित्र अशा वेळी गठ्ठ्याचा भाव सांगतात आणि हवी ती तबकडी गठ्ठ्यात सरकवतात. ते मला जमत नाही, शिवाय कॅम्पात बातमी एका रविवारात सगळीकडे जाते. अमेरिकेत साठच्या दशकात गेल डीन वॉर्डलो मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांतून दारोदार फिरून जुन्या ७८ विचारायचा. ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनचा मृत्यूचा दाखला शोधून काढणाराही तोच. त्या पिढीच्या संग्राहकांनी पॅटन, जेम्स वाचवले हे खरंच. पण ओसरीवरच्या म्हातारीला डॉलरभर देऊन नेलेल्या तबकड्या पुढे कितीला गेल्या, हेही तितकंच खरं, आणि ते वाचताना मला दर वेळी माझी ओम्नी आठवते.

आंटींनी पैसे मोजले, मग जिम रीव्ह्जच्या चारही एलपी खोक्यातून काढून घेतल्या. त्या मी मागितल्याच नव्हत्या.

सोमवार, खानापूर

भात कापणीला आलं होतं. खानापूरच्या अलीकडे कौलांचे आणि विटांचे कारखाने, लाल धूळ, मग एकदम झाडी आणि मलप्रभा. आजींचं घर नदीच्या अंगाला. सासरे इमारती लाकडाचे व्यापारी होते, त्यामुळे घरात सागवान सांगायलाच नको.

“कुठनं आलास बाळ?”

“कोल्हापूरनं, आजी. टिळकवाडीच्या सरांनी पाठवलंय.”

“मी काय विकत नाही बघ. बस. चहा घेतोस की ताक?”

ताक घेतलं. फोनो त्यांनी स्वतः आणला, नातवाला हात लावू दिला नाही. एचएमव्हीचा १०२, झाकण लावलं की सुटकेस होणारा. चावी भरली, पेटीतून केसरबाई काढल्या. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, “लांबनं बघ.” लांबूनही कळत होतं. काळी कुळकुळीत, कडेला टवका नाही. बऱ्याच वर्षांत अशी दिसली नव्हती.

सासऱ्यांनी ही प्लेट कुलपात ठेवली होती. मोठी बाई आहे, उगीच कुणी वाजवायची नाही, असा हुकूम. सून म्हणून आजी या घरात आल्या तेव्हापासून सासरे जाईपर्यंत त्यांनी ती ऐकली नाही, नुसतं कव्हर पुसलं. आता रोज ऐकतात. दुपारी जेवण झालं की एक बाजू, संध्याकाळी दिवा लावला की दुसरी.

सुई टेकली आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. केसरबाईंचा तो भरदार, न डळमळणारा आकार ओसरीभर पसरला. त्याखालून एक बारीक करकर येत होती. ती प्लेटेची नव्हती. सुई बघितली, तर टोक चपटं होऊन बाजूने पात्यासारखं झालेलं. नेहमी हीच लावता का, विचारलं. “हीच की. चांगली आहे अजून.”

आठवड्यात, महिन्यात ती प्लेट राखाडी होणार होती. हॉलंडचा भाव दर दुपारी माझ्यासमोर घटणार होता. मी सुया का टाकायच्या ते समजावलं, खडेबाजारातली सगळी पाकिटं काढून दिली. एका सुईवर एकच बाजू, आजी. त्यांनी एक सुई नखावर घासून बघितली, डबीत मोजून ठेवल्या.

“पैसे किती?”

“राहू देत. प्लेट देता का, एवढं सांगा. म्हणाल ते देतो.”

“मी गेलो की ये,” आजी म्हणाल्या. “पोरं रद्दीत घालतील, त्याच्या आत ये म्हणजे झालं.”

नातू शेजारी उभा होता. हसत होता. बाहेर गाडीपाशी आल्यावर मी त्याचा नंबर घेतला, आणि त्यानेही माझा.